सत्त्याऐंशी दोषांचे घर

बँकेचे कर्ज न काढता, आयुष्यभराच्या ठेवी मोडून एकरकमी घर घ्यायचे, असे निवृत्त मुद्रितशोधकांनी ठरवले, तेव्हा पत्नीने एकच प्रश्न विचारला, "किती दिवस लागतील?"

"कर्जवाल्यांना तीन महिने. आपल्याला तीन आठवडे."

प्रश्नामागे तिचे गुडघे होते. चौथ्या मजल्यावरून ती दवाखान्याखेरीज कुठेही उतरत नसे. विकायला निघालेले घड्याळजींचे घर तळमजल्यावर होते. दोन खोल्या आणि मागे हातभर अंगण. ते पाहायला गेली त्या दिवशी ती अंगणात जी बसली ती उठायला तयार होईना. विधुर घड्याळजींना लेकीकडे राहायला जायचे होते. रोखीचा व्यवहार झटपट उरकणार म्हणून त्यांनी भावही बराच उतरवला.

घोडे पेंड खाऊ लागले ते इथे. कर्ज असते तर बँकेचा माणूस आला असता आणि दहा मिनिटे भिंतींकडे पाहून, सही ठोकून गेला असता. तो येणार नाही, म्हणजे घर कुणी तपासणारच नाही, या विचाराने मुद्रितशोधकांची झोप उडाली. बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवलेल्या त्या गृहस्थांनी हे कर्तव्यही स्वतःच्या शिरावर घेतले. भिंग, ओळंबा आणि काचेची गोटी घेऊन ते चार दिवस त्या घरात रांगले. दोष निघाले सत्त्याऐंशी. कागदपत्रे निर्वेध आहेत, सही करून मोकळे व्हा, असे वकीलबाईंनी सुचवले. तेव्हा त्यांच्याच मसुद्यात यांनी सहा दोष दाखवले. ते वेगळे.

"ओल असली तर असू द्या, अहो," पत्नी म्हणाली. "ओलीला जिने नसतात."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

घड्याळजी भांडकुदळ नव्हते. त्यांनी मुकाट्याने गवंडी बोलावला, मग सुतार, मग नळवाला. भिंत सरळ झाली की तिच्यालगतची चौकट वाकडी दिसू लागे. चौकट बदलली की दार घासे. प्रत्येक दुरुस्तीची फेरतपासणी होई आणि यादीला पुरवणी जोडली जाई. तीन आठवड्यांचे पाच महिने झाले. या काळात पत्नी दोनदा खाली उतरली, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी.

सहाव्या महिन्यात शेवटच्या दोषावर काट मारून मुद्रितशोधक म्हणाले, "आता हरकत नाही. उद्या सही करू."

घड्याळजींनी सुरुवातीला घेतलेली विसाराची रक्कम परत त्यांच्यापुढे ठेवली. "साहेब, रागावू नका. परवा लेक आली होती. म्हणाली, बाबा, एवढं ठाकठीक घर विकता कशाला, आम्हीच इकडे येतो राहायला. भाव मी घाईपोटी उतरवला होता. घाई तुम्ही कुठे राहू दिलीत?" मग त्यांनी खरोखरच हात जोडले. "तुमचे उपकार विसरणार नाही."

चार मजले चढून मुद्रितशोधकांनी ही हकिकत पत्नीच्या कानांवर घातली. तिने खिडकीतून खाली पाहिले.

"पुढचं घर बघाल तेव्हा कर्ज काढा," ती म्हणाली.

"पैसे आहेत आपल्याकडे. आणि या वयात मला कर्ज देणार कोण?"

"नाही दिलं तर नाही. निदान तुम्हाला तपासायला तरी कुणी येईल."