जंतूंचं कुळ विचारणारे म्हात्रेकाका

बेलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा म्हात्रेकाकांनी नावाच्या आधी गाव विचारलं. मग आईचं माहेर. मग मावशी कुठे दिली. माझं सगळं कुळ खणून झाल्यावर ते समोरच्या काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंकडे वळले आणि त्याच आवाजात म्हणाले, "आनि तू रे? कोनाचा तू?"

आमचं कामच ते. रुग्णांच्या रक्तात शिरलेले, औषधांना भीक न घालणारे जंतू इस्पितळांतून आमच्याकडे येतात. त्यांची जनुकं वाचून कोण कोणाचा भाऊबंद, हे आम्ही ठरवतो. दोघांचे जंतू एकाच कुळातले निघाले, की एकाचा दुसऱ्याला लागल्याचा संशय. यंत्र हे मुकाट्याने करतं. काका तळवली गावचे, त्यांना मुकाट्याने काही जमत नाही. "हा त्या आयसीयूवाल्याचा चुलतभाव हाय, लिवून ठेव!" अहवालात 'चुलतभाऊ' लिहू नका म्हणून साहेबांनी त्यांना दोनदा हात जोडलेत.

दुसरं खूळ हातांचं. काका कोणाला हात लावत नाहीत. दार कोपराने उघडणार, लिफ्टचं बटण पेनाने दाबणार. माझ्या लग्नात अक्षताही त्यांनी हातमोजे घालून टाकल्या. फोटोत ते नवरदेवाचं ऑपरेशन करायला आल्यासारखे दिसतात. आम्ही यथेच्छ टर उडवायचो.

एकदा डीप फ्रीजर आवरताना मला कोपऱ्यात दोन नळ्या सापडल्या. चिठ्ठ्यांवर काकांचं अक्षर होतं. एकीवर 'ती', दुसरीवर 'मी'.

"काका, यांचं कुळ नाही विचारलंत?"

काकांनी पेनाने त्या नळ्या परत कोपऱ्यात ढकलल्या.

"दोन वरसं झाली," ते हळूच म्हणाले. "हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी पट्टी मीच बदलायचो. जखम चिघलली, जंतू रक्तात गेला. महिनाभर आयसीयूत होती. वाचली. पन माज्या नाकात पन तसलाच जंतू निगाला. तेवापासून हात नाय लावला तिला. रोज गुडघ्याला तेल चोलायचो, ते पन बंद, आता बाई येते चोलायला. ती समजते, म्हातारपनी मना तिचा कंटाला आला."

"मग दोघांचं कुळ एकच का, ते तपासलं का नाही?"

"माजाच निगाला तर?"

मी दोन्ही नळ्या उचलल्या. त्यांनी अडवलं नाही.

निकाल आला त्या दिवशी काका संगणकाकडे पाठ करून बसले होते.

"काका, लांबची सोयरीकसुद्धा नाही. तुमचं कुळ वेगळं, तिचं वेगळं."

"नीट बग."

"तीनदा बघितलं."

काकांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. इतक्या दिवसांच्या थट्टेची मला लाज वाटली. त्यांनी घरी फोन लावला.

"आयकतेस? तेल कोमट करून ठेव. नाय गो, बाईला नको सांगू. मी येतो, मीच लावतो."