जीवशास्त्राचा सौदा

तालुक्याच्या बाजार समितीत दर मंगळवारी पदव्यांचा सौदा निघतो, गुळानंतर आणि मिरचीच्या आधी. मिरचीनंतर यार्डात सगळेच शिंकत असतात आणि पदवीचा नमुना नीट ऐकू येत नाही, म्हणून आधी.

मल्लाप्पा कोरींची पिठाची गिरणी होती आणि शैलजा नावाची एकुलती एक मुलगी होती. तिने जीवशास्त्रात एम.एस्सी. केली होती. त्यासाठी बँकेने कर्ज दिलं होतं आणि आता त्याच कर्जापायी गिरणीच्या दारावर नोटीस लागली होती. शैलजा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. तासाचे पैसे ठरलेले होते, मिळायचे तेवढे ठरलेले नव्हते.

"विकून टाकू या, आप्पा," ती एकदा म्हणाली. "गिरणी गेली तर खाणार काय?"

मल्लाप्पांना ते पटलं नव्हतं. पोरगी पिठातल्या किड्यांना काडेपेटीत पाळून मोठी झाली होती. तिचं शिक्षण विकायचं म्हणजे दारची गाभण म्हैस बाजारात उभी करण्यासारखंच. तरी मंगळवारी त्यांनी तिला मोटारसायकलवर मागे बसवून यार्डात आणलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं त्यांनी अडते तातोबा शिंत्र्यांना आधी चहा पाजला.

सौद्याआधी काटा होतो. एका पारड्यात पदवीची कमाई, दुसऱ्यात पदवीचं कर्ज. कमाईचं पारडं खाली गेलं तर पदवी सन्मानाने घरी न्यायची, कर्जाचं गेलं तर सौदा काढायचा. नियम सरळ आहे आणि आजवर त्याबद्दल कुणाची लेखी तक्रार नाही.

तोलाईदाराने शैलजाची कमाई हातानेच उचलून पारड्यात टाकली. कर्ज ठेवायला दोन हमाल लागले. कमाईचं पारडं इतकं वर गेलं, की खाली ओढायला आकडी शोधावी लागली.

"तिची आवडबी घाला की त्यात," मल्लाप्पा म्हणाले. "जीव टाकून शिकलीय पोर."

"आवड वजनात धरत नाहीत, मामा," तोलाईदार अदबीने म्हणाला. "ओलाव्यात धरतात. वजा करतात."

मग तातोबांनी परखी काढली. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढतात तीच, पितळेची. त्यांनी ती शैलजाच्या कानामागे हलकेच टेकवली.

"बेडूक तोंडानं पाणी पीत नाही," शैलजा म्हणाली. "कातडीतनं घेतो."

व्यापाऱ्यांनी नमुना ऐकून माना डोलावल्या. माल अस्सल होता, त्याबद्दल दुमत नव्हतं. प्रश्न उठावाचा होता. गेल्या मंगळवारी इंजिनिअरिंगचे एवढे ढीग पडले होते, की लोक भाडंही सुटत नाही म्हणून पदव्या फाटकापाशी ओतून रिकाम्या हाताने घरी गेले होते. त्या मानाने जीवशास्त्राची आवक कमी होती, पण गिऱ्हाईक त्याहून कमी होतं.

तातोबांनी हातावर टॉवेल टाकला. त्याखाली एकेकाने हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. शिकवणीवाल्यांनी एक बोट दाबलं आणि तेही लगेच सोडलं. अंडी उबवणारे सावंत नुसता हात पुसून गेले. शेवटी दिनकरराव मगदूम पुढे झाले. त्यांच्या मुलाचं, विश्वजितचं, लग्न जमत नव्हतं आणि परिचयपत्रात नावापुढे घालायला काहीतरी हवं होतं. त्यांनी टॉवेलखाली बराच वेळ हात ठेवला.

"निम्मं कर्ज फिटतंय," तातोबा म्हणाले. "पसंत नसंल तर सौदा मोडायचा हक्क तुमचा."

"गिरणी ऱ्हाईल?"

"ह्या साली ऱ्हाईल."

मल्लाप्पांनी लेकीकडे बघितलं. त्यांना नाही म्हणायचं होतं. नाही म्हणण्यासाठीच ते आले होते, हे त्यांना आत्ता कळलं.

"हो म्हणा, आप्पा," शैलजा म्हणाली.

ते हो म्हणाले.

तातोबांनी परखी पुन्हा तिच्या कानामागे लावली, ह्या खेपेला जरा जास्त वेळ, आणि ती मगदुमांमागे मोबाईल बघत उभ्या असलेल्या विश्वजितच्या कानामागे रिती केली. विश्वजितने मोबाईल खिशात ठेवला आणि तो छताच्या पत्र्याकडे टक लावून बघू लागला.

"बाबा, ती पाल बघा. शेपूट टाकून आलीय. नवीन येतंय."

"झालं ना? चल आता."

"थांबा की जरा," विश्वजित म्हणाला. तो काही हलेना. मगदुमांना सौद्याबद्दल पहिल्यांदाच शंका आली, पण नेलेला माल परत घेत नाहीत.

अडत, हमाली आणि तोलाई कापून उरलेली रक्कम समितीने परस्पर बँकेत भरली आणि मल्लाप्पांच्या हातात कागद दिले. शैलजाने ते मांडीवर धरले आणि दोघं घरी निघाले. ती गाडीवर मजेत बसली होती. मल्लाप्पांना मात्र समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता आणि ते डोळे पुशीत होते.

"आप्पा, कागद कसले हे?"

"बँकेचं."

"आपल्यावर कर्ज आहे?"

"हाय. निम्मं ऱ्हायलंय."

"कशाचं?"

मल्लाप्पांनी गिअर बदलला. "हाय एक," ते म्हणाले. "जुनं हाय."

शैलजाला त्यांची दया आली. या वयात एकट्याने एवढं ओझं घेऊन फिरायचं आणि घरात चकार शब्द काढायचा नाही. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही नका काळजी करू," ती म्हणाली. "मी फेडते की. काहीतरी शिकते आणि फेडते. शिकायला बँक कर्ज देते म्हणे."