लिफ्टच्या पुस्तकावरील स्वारी

ज्यांस वाचावयास फुरसत आहे, आणि ज्यांस नाही तरीही जे बोटाने पान वर ढकलीत आहेत, त्या उभयतांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. अखंडित-बॅटरीधारी राजमान्य राजश्री धाकटे सरकार हे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत चाकरीस असोन, मिस्त्री यंत्राच्या पेटीत हात घालीत तेव्हा मागे उभे राहोन बॅटरीचा उजेड पाडणे ही मनसब त्यांजकडे होती. ती त्यांनी इमानाने चालविली, मात्र उजेड बहुतकरून मिस्त्रींच्या डोळ्यांत पाडिला. मग वरून हुकूम आला की, लेखी परीक्षेस जो उतरेल त्यानेच पेटीस हात लावावा, न उतरेल त्याने निवृत्तीपर्यंत बॅटरी धरावी. हे ऐकोन सरकारांनी त्याच दिवशी परीक्षेस नाव घातले.

परीक्षेचे पुस्तक जाडजूड. ते वाचावे कशावर, यावरून घरात दोन पक्ष पडले. सरकारांच्या भगिनी ताईसाहेब, शाळेत शिक्षिका, ह्या कागदाच्या पक्षाच्या. आणि त्यांचेच यजमान दाजीसाहेब, मोबाईलचे दुकानदार, हे पडद्याच्या पक्षाचे. लग्नास बराच काळ लोटला तरी या एका मामल्यात उभयतांत तह नव्हता. आईसाहेब तटस्थ होत्या. त्यांचे म्हणणे, कशावरही वाचा, पण जेवायला वेळेवर या.

प्रथम दाजींची मसलत सरस ठरली आणि सरकारांस टॅबलेट नजर झाला. मग सरकारांनी आरामखुर्चीत तळ दिला आणि बोटाच्या एकेका फटक्यासरशी प्रकरणेच्या प्रकरणे काबीज केली. महत्त्वाच्या मजकुरावर पिवळा रंग द्यावा, ऐसी युक्ती दाजींनी शिकविली होती. सरकारांस सर्वच महत्त्वाचे वाटले, सबब अवघे पुस्तक हळदीचे जाहले. मध्येच मामेभावाच्या नव्या चपलांची छायाचित्रे चालून आली, त्यांचाही समाचार घेतला. संध्याकाळी पुस्तक फस्त, आणि फत्ते झाली म्हणोन चहाचे फर्मान सुटले.

इतक्यात ताईसाहेब शाळेतून परतल्या आणि त्यांनी टॅबलेट पालथा घातला.

"वाचलंस ना? आता मिटून सांग."

सरकारांनी तोंड उघडिले. पान वर ढकलल्याचे आठवत होते, पानावर काय होते ते आठवेना. चपला मात्र लख्ख आठवल्या, पट्टा तपकिरी. मग ताईंनी टॅबलेट जप्त करोन आपल्या कपाटात कैद केला आणि किल्ली पर्समध्ये टाकिली, आणि फर्माविले की यापुढे कागद.

पुस्तक छापोन आणण्याची कामगिरी शिक्षा म्हणोन दाजींवर पडली. दाजी हिकमती. अक्षर मोठे दिसावे म्हणोन त्यांनी पानांच्या कडा छाटविल्या, आणि पानांचे आकडे त्या कडांतच नांदत होते ही खबर कोणासही नव्हती. पिनही मारिली नाही. मग फाईल कशास हवी, म्हणोन मोबाईलातली प्रत पुसोन टाकिली.

सरकारांनी कागदावर चाल केली आणि दुसऱ्याच पानावर गाल टेकोन निद्राधीन जाहले. आईसाहेबांनी चिरंजीव घामाघूम देखोन ममतेने उभा पंखा आणिला आणि एकदम पाचावर लाविला. मग जे जाहले ते शत्रूच्याही फौजेचे न होवो. पाने छतास भिडली, कपाटामागे गेली, आमटीच्या पातेल्यातही एक शहीद होता होता वाचले. ताई तर शाळेच्या सहलीस गेलेल्या, किल्ली त्यांजबरोबर, आणि परीक्षा परवावर.

मग सरकार आणि दाजी गुडघ्यांवर आले. एका पानाची शेवटची ओळ वाचावी आणि तिची पुढली ओळ कोणत्या पानाच्या माथ्यावर आहे ते शोधावे, ऐसा क्रम चालला. ओळ समजल्याशिवाय जोड लागेना, म्हणोन समजोन घेणे भाग पडले. सरकारांनी दार उघडण्याचे पान आधी लाविले, तेव्हा दाजी म्हणाले, "दार उघडण्याआधी लिफ्ट थांबायला नको का, शहाण्या?" आईसाहेबांनी जेवावयास हाका मारिल्या आणि त्या घराण्याच्या इतिहासात प्रथमच कोणी उठले नाही.

अखेर एक पान कमी भरले. आधीचे पान म्हणे, दोर तुटला तरी डबा कोसळत नाही, कारण. आणि पुढले म्हणे, डब्याखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांस घट्ट धरतात. मधला मजकूर गायब.

"पण दोर तुटला हे जबड्यांना कळतं कसं?" दाजींनी पुसिले.

सरकारांनी दोन्ही पाने शेजारी शेजारी मांडिली. मग इमारतीच्या माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीतले एक चाक त्यांस आठवले, ज्यावर त्यांनी कैक वेळा उजेड पाडिला होता आणि कधी पाहिले नव्हते.

"ते चाक डब्याबरोबर फिरतं. डबा भलत्या वेगानं निघाला की ते अडकतं, आणि त्याची दोरी जबडे ओढते. दोर तुटल्याचं कुणी सांगायलाच नको."

ते कोऱ्या कागदावर लिहोन फटीत घातले.

परीक्षा, काय सांगावे, पडद्यावरच होती. त्याच फटीतला प्रश्न आला. सरकारांनी डोळे मिटोन आधी स्वतःस सांगितले, मग पडद्यावर लिहिले. निकालही पडद्यानेच दिला. उत्तीर्ण, काठावर.

घरी दोन्ही पक्षांनी विजयाचा दावा मांडिला. आईसाहेबांनी पंखा उचलिला आणि त्याच्या पायाखालोन चौघडी घातलेले पान काढोन दिले. "डुगडुगत होता रे. आणि त्यावर काही महत्त्वाचं नव्हतं, नुसतं चाकाचं चित्र होतं."

येणेंप्रमाणे पेटी सर जाहली. हल्ली सरकार तीत स्वतः हात घालितात, आणि जुन्या मनसबीवर दुसरा इसम न मिळाल्याने बॅटरी आपल्याच दातांत धरितात. हे ज्याने वाचिले त्याने मिटोन सांगावे. सांगता न आल्यास पंखा लावावा.