डाव्या पायाची तेराशे पन्नास वर्षं

दोन देशांची मैत्री जितकी जुनी तितकी ती खरी, हे आता जगभर मान्य झालेलं आहे. माणसांच्या बाबतीत काल ओळख झालेला मित्रसुद्धा उद्या अडचणीला धावून येतो. देशांचं तसं नसतं. देशांच्या मैत्रीला आधी वय लागतं, वयाला पुरावा लागतो आणि पुराव्याला समिती लागते. मैत्री मागाहून आली तरी चालते.

उझबेकिस्तान आणि कोरिया यांच्या मैत्रीचं वय परवापरवापर्यंत अवघं बत्तीस होतं. दूतावास कधी उघडला ती तारीख कागदावर होती, तिच्यापासून कितीही वेळा मोजलं तरी बत्तीसच भरायचे. बत्तीस वर्षं हे काही सांगण्यासारखं वय नव्हे. तेवढा जुना फ्रीज लोकांच्या घरात चालू असतो. त्यात शेजारच्या एका देशाने दुसऱ्या एका देशाशी आपली दोन हजार वर्षांची मैत्री जाहीर करून टाकली. (दोन हजार वर्षांपूर्वी हे दोन्ही देश नेमके कुठे होते, याचा शोध चालू आहे.) तेव्हा दोन्हीकडच्या विद्वानांची ‘संयुक्त मैत्रीवय-निश्चिती समिती’ नेमण्यात आली.

समितीची पहिली बैठक सहा तास चालली. पहिल्या तासात मैत्री बत्तीसवरून सहाशेवर गेली, तिसऱ्या तासात अकराशेवर, आणि जेवणाची वेळ झाली तेव्हा तेराशे पन्नासवर होती. पुलाव गार होत होता म्हणून ती तिथेच थांबली, नाहीतर संध्याकाळपर्यंत माणूस नुकताच दोन पायांवर उभा राहिला तेव्हापर्यंत पोचली असती. मग पुराव्याचे नियम ठरले. संबंध लेखी, कोरीव किंवा रंगवलेले असावेत. संबंध ठेवणारी माणसं फार पूर्वी वारलेली असावीत (जिवंत माणसं पुढे जबाब बदलतात). आणि सोव्हिएत काळात मालगाडीत घालून, त्यांना न विचारता उझबेकिस्तानात आणलेले कोरियन लोक संबंधांत धरू नयेत, कारण त्यांच्याजवळ राजदूताची कागदपत्रं नव्हती.

हा तिसरा नियम दुभाषी रिम्मा युगाय हिने आवाज न बदलता दोन्ही भाषांत वाचून दाखवला. तिची आजी एकोणीसशे सदतीस साली त्याच गाडीने आली होती. पण रिम्मा तिथे नियम वाचायला होती, आजीबद्दल बोलायला नव्हती.

पुरावा मिळाला शूरतेपा या गावात. समरकंदपासून चार तासांवर एक मातीचं टेकाड आहे, त्याच्या पोटात एका जुन्या राजवाड्याची भिंत सापडली होती आणि भिंतीवर चित्र होतं. चित्राचा गुडघ्यावरचा भाग शेकडो वर्षांपूर्वीच ढासळलेला. उरले होते ते पाय. राजाच्या भेटीला रांगेने निघालेल्या परदेशी वकिलांचे निरनिराळे पाय, निरनिराळी पादत्राणं. त्यांतल्या तिसऱ्या वकिलाचा उजवा पाय खपल्या उडून गेल्यामुळे ओळखू येत नव्हता, पण डावा अगदी ठसठशीत होता, आणि त्या पायातल्या बुटाचं टोक होडीसारखं वर वळलेलं होतं. असं वर वळलेलं टोक म्हणजे कोरिया, यावर समितीत दुमत झालं नाही. शिवाय टाचेखाली एक बारीक खूण होती. ती प्राचीन तुर्की लिपीतली असून तिचा अर्थ बहुधा ‘शांती’ असा असावा, असं टिपण समितीने फोटो पाहूनच तयार करून ठेवलं.

त्या भिंतीची राखणदार होती सानोबर. वय अठ्ठावन्न, नोकरी सव्वीस वर्षांची. तिच्यासोबत संग्रहालयात आणखी एक नोकर होता, पण तो गेली अकरा वर्षं रजेवर होता. सानोबर रोज सकाळी मऊ कुंचल्याने पायांवरची धूळ झाडायची आणि पावसाळी दिवसांत भिंतीसमोर तीन पातेली मांडायची, कारण छप्पर गळत होतं. छपरासाठी तिने एकवीस अर्ज केले होते. एकविसांनाही पोच मिळाली होती.

आता समिती येणार म्हटल्यावर छपराचं नक्की होणार, असं जिल्ह्याच्या कचेरीतून तिला तोंडी कळवण्यात आलं. तिने फक्त कागदावर सही करायची होती: मी इतकी वर्षं इथली राखणदार असून सदर पाय मूळचाच आहे.

आणि इथेच पंचाईत होती. तो पाय तिच्या वडिलांनी काढला होता.

तिचे वडील तोख्तामुराद उस्ता चुनाकाम करणारे कारागीर. चौऱ्याहत्तर साली उत्खनन झालं तेव्हा डागडुजीला होते. ताश्कंदहून एक बडा साहेब पाहणीला यायचा होता, आणि तिसऱ्या वकिलाला डावा पायच नव्हता. परदेशी पाहुणा एका पायावर उभा आहे हे बरं दिसत नाही, असं मुकादमाला वाटलं. त्याने उस्ताला सांगितलं आणि उस्ताने जेवणाच्या सुट्टीत पाय काढून दिला. सरकारी अहवालात वडिलांचा उल्लेख ‘कामगार क्रमांक तीन’ असा होता. सानोबरला हे आयुष्यभर सलत आलेलं. वडील गेले तेव्हा तिने कबरीच्या दगडावर नाव मोठ्या अक्षरांत घालून घेतलं. पण कबरीवर नाव काय, कुणाचंही असतं.

ठरल्या दिवशी समिती आली. उझबेक बाजूचे प्रमुख अब्दुवोहिद दोमला हे मोठे पंडित. कोरियन बाजूने प्राध्यापक ओक. (हे आपल्याकडचे ओक नव्हेत, त्यांच्याकडेही असतात.) सानोबरने चहा दिला. तिकडे पाहुण्याला जितका मान द्यायचा तितका पेला कमी भरतात. प्राध्यापक ओकांना इतका मान मिळाला की ते तहानलेलेच राहिले.

मग सगळे भिंतीपुढे उभे राहिले. दोमलांनी कागद आणि पेन पुढे केलं. सानोबरने कागद वाचला, पेन हातात घेतलं, आणि सही करायच्या ऐवजी बोलायला लागली. वडील, मुकादम, जेवणाची सुट्टी, सगळं सांगितलं. टाचेखालची खूण म्हणजे तोख्तामुरादचा ‘त’ आहे, हेही सांगितलं. सांगताना तिला छप्पर दिसत होतं, पण ती थांबली नाही.

रिम्मा अक्षरही न गाळता भाषांतर करत गेली.

“ओपा,” दोमला म्हणाले (ओपा म्हणजे ताई), “आम्ही चार तास गाडीत बसून आलोय. तुम्ही हे फोनवरच सांगायचं होतं.”

“फोनवर तुम्ही कागद पुढे केला नव्हता, दोमला.”

प्राध्यापक ओक मात्र जराही विचलित झाले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि रिम्मामार्फत एकच प्रश्न विचारला. वडिलांनी बूट काढला तो कशावरून?

सानोबर म्हणाली, शेजारच्या हेगाय आजोबांच्या बुटावरून. ते कोरियन होते, लहानपणी मालगाडीतून आलेले, कांद्याची शेती करायचे. बूट दुकानातलाच, साधा रबराचा, इथले सगळेच पावसात घालतात तसला. पण हेगाय आजोबा नवा बूट आणला की किटलीच्या वाफेवर धरून त्याचं टोक वर वळवून घ्यायचे. त्यांच्या आईचे बूट तसे असत म्हणे. माझे वडील आणि ते वीस वर्षं रोज संध्याकाळी तुतीच्या झाडाखाली बुद्धिबळ खेळले. वडिलांना पाय काढायचा म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचा सुचलाच नाही.

भाषांतर करताना रिम्माचा आवाज पहिल्यांदाच अडकला. किटलीपाशी. तिने पाणी मागितलं आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“म्हणजे पाय कोरियनच आहे,” ओक म्हणाले.

“हो. हेगाय आजोबांचा.”

“मग वाद कशाचा?”

समितीने बाहेर अंगणात बसून चाळीस मिनिटं विचार केला. पाय कोरियन आहे हे आता निव्वळ अनुमान उरलं नव्हतं, त्याला प्रत्यक्ष साक्षीदार मिळाली होती. उलट, समितीची बाजू बळकट झाली होती. राहता राहिला काळाचा प्रश्न, पण काळ हा समितीच्या अधिकारकक्षेत येत होता. हेगाय यांना मात्र नियम क्रमांक तीन लागू होत असल्याने त्यांचा पाय घेता येईल, त्यांना घेता येणार नाही, असा निर्णय झाला.

सानोबरपुढे कागद पुन्हा आला. आता त्यावर ‘मूळचाच’ हा शब्द खोडून फक्त ‘पाय कोरियन आहे’ एवढंच ठेवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. तरी तिने पेन खाली ठेवलं.

“माझ्या बापाचं नाव घाला,” ती म्हणाली. “मग करते.”

दोमला म्हणाले, ओपा, एकोणीसशे शहाण्णव साली वारलेला माणूस तेराशे वर्षांच्या पुराव्यात बसवायचा कसा? ती म्हणाली, ते तुम्ही बघा, तुम्ही शिकलेले आहात. दोमला पुन्हा अंगणात गेले. शिकलेले असल्यामुळे या वेळी दहाच मिनिटं लागली.

वसंतात संगमरवरी पाटी बसली. तिचं अनावरण दोन्ही देशांच्या पाहुण्यांनी केलं, तीन भाषणं झाली, गाजराची कोरियन कोशिंबीर आणि उझबेक पुलाव एकाच ताटात वाढण्यात आला. पाटीवर तीन भाषांत लिहिलं होतं: ‘तेराशे पन्नास वर्षांच्या अखंड मैत्रीचं प्रतीक. डावा पाय, चित्रकार तोख्तामुराद उस्ता, सातवं शतक.’

सानोबरने पाटी दोनदा वाचली. आयुष्यभर कामावर उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खाल्लेले वडील एकदम तेराशे वर्षं लवकर आले होते. तिला हसू आलं आणि हसतानाच डोळे भरून आले. ते पाहुण्यांना मैत्रीमुळे भरून आल्यासारखे वाटले आणि तिचा फोटो दोन वर्तमानपत्रांत छापून आला.

रिम्मा तिच्याशेजारी उभी होती. “ओपा, हेगाय आजोबांचं घर कुठे होतं?” तिने हळूच विचारलं.

दोघी समारंभातून निघून त्या गल्लीत गेल्या. घर आता दुसऱ्याच कुणाचं होतं. तुतीचं झाड होतं. त्याखाली दोघी थोडा वेळ बसल्या. रिम्माने आपल्या आजीबद्दल सांगितलं, आणि ते कुणालाही भाषांतर करून सांगावं लागलं नाही म्हणून तिला बरं वाटलं. पुढे ती दर शरदात येऊ लागली. या भेटींची नोंद कुठल्याही समितीकडे नाही.

छप्पर झालं, पातेली स्वयंपाकघरात परत गेली. पण पाटीची कीर्ती पसरली आणि निरनिराळ्या देशांचे लोक आपापले पाय शोधायला शूरतेपाला येऊ लागले. सानोबर कुणालाच नाही म्हणत नाही. कुणी अर्धा तास थांबला, तर त्याला हेगाय आजोबांची गोष्टही सांगते. बहुतेक लोक पंचवीस मिनिटांत जातात.

गेल्या मे महिन्यात एका सहल कंपनीची बस आली. आतून आपलीच चाळीस माणसं उतरली, पुण्या-नाशिककडची. पाटी वाचून आणि गाइडकडून बुटाची गोष्ट ऐकून सगळी पोट धरून हसली. तेराशे वर्षं, रबरी बूट, काय एकेक लोक असतात जगात. मग रांगेतल्या शेवटच्या वकिलापाशी एक गृहस्थ थबकले, वाकले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. बाकीचेही जमले. हळूहळू हसणं थांबलं.

“चप्पल बघा,” ते गंभीरपणे म्हणाले. “कोल्हापुरी आहे.”

कुणीही शंका काढली नाही. कुणीतरी अंगठ्याचा पट्टा दाखवला, कुणी फोटो काढले, एका बाईंनी पायाला लांबूनच नमस्कार केला. सानोबरला भाषा कळत नव्हती, पण इतक्या वर्षांच्या नोकरीत हे चेहरे तिने पुष्कळ पाहिले होते. तिने टेबलाच्या खणातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि त्या गृहस्थांना खुणेनेच विचारलं, किती वर्षं लिहू?