ढगे सरांच्या मागचं बाकडं

ढगे सर भिंतीकडं तोंड करून चहा पितेत.

ताडकळसच्या कालेजात माझी कँटीन हाय, सर तिथंच झूलॉजी शिकवितेत. पहिल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, आपला चहा एवढा वाईट हाय की माणूस तोंड फिरवून प्यायलाय. मी पत्ती बदलली. दूध बदललं. बायको म्हणली म्हणून रोज अंघोळ करून यायला लागलो. सर भिंतीकडंच.

शेवटी इचारलं, "सर, माझं काय चुकलं?"

"तुझं काय न्हाई, बालाजी. पोरांला तोंडाकडं बघून नाजूक गोष्टी इचारायला शरम वाटती. पाठीला बोलतील."

खरंच बोलायला लागले. सरांच्या मागं एक बाकडं. पोरगं येणार, न्हाईतर पोरगी, सवाल टाकणार, जबाब ऐकून उठून जाणार. सर मान वळवीत न्हाईत. माझं काम एकच. बाकड्यावर कुणी बसलं की खलबत्त्यात जोरात आलं कुटायचं, म्हंजी दुसऱ्या टेबलांला ऐकू जात न्हाई. मला जातं, कारण मी जवळ. पण मला कळत न्हाई असं सरांचं मत हाय, आन् ते बरोबर हाय.

फेब्रुवारीत व्हॅलेंटाईनपायी बाकडं रिकामं ऱ्हात न्हाई, कुटलेलं समदं आलं चहात जातं, आन् आमचा चहा घसा जाळतो. प्रिन्सिपल साहेब म्हणले, "बालाजी, काढा इकायलास का?"

सरांचा पहिला शबुद ठरलेला. "नॉर्मल हाय."

एक पोरगं बसलं. झोपेत कपडे खराब होतेत म्हणून त्यानं बाजारातल्या तंबूवाल्या वैदूकडून ताकदीच्या पुड्या आणलेल्या.

"सर, मी संपलो का?"

"नॉर्मल हाय. तुझ्या वयात होतं. पुड्या फेकून दे."

"तुमचं बी झालं?"

माझा हात थांबला.

"माझं बी झालं. बालाजी, कुट."

एक पोरगी आली. जीव लावलेल्या पोरानं बोलणं सोडलेलं, हिला जेवण जाईना.

"नॉर्मल हाय. पर आधी भाकर खा, मंग रड. उपाशी रडायचं न्हाई. आन् उद्या पुन्हा येऊन बस."

माझं नसबंदीचं आपरेशन झालं तवा मला बी घोर लागला. बसलो बाकड्यावर. पहिल्या वर्षाच्या पोरासारखा बारीक आवाज काढला. "सर, माझ्या एका दोस्ताची नसबंदी झालीया. त्याची ताकद जाती का?"

"न्हाई जात. दोस्ताला सांग, बायकोसंग बोलत जा. आन् चहात साखर कमी टाक."

त्या टायमाला आलं कुटायला कुणीच नव्हतं. समद्या कँटीननं ऐकलं. तवापासून पोरं मला 'दोस्तमामा' म्हणतेत.

मागच्या साली सरांच्या बाई वारल्या. सर पुन्हा यायला लागले, पोरांला जबाब द्यायला लागले. पर डबा बंद झाला. माझी बिस्कुटं चहात बुडवायची, तेच जेवण. कालेज सुटलं, मी गॅस बंद केला, बाकडी उलटी घातली, तरी सर उठनात. समद्यांचं ऐकणारा हा माणूस सोताचं कुणाला सांगणार, ह्याची मला फिकीर लागली. इनोद सांगून बघितले. माझ्या इनोदाला बाई गेलेला माणूस हसत न्हाई. बाई असलेला बी हसत न्हाई.

एका संध्याकाळी सरांला उठवलं आन् त्यांच्या जागेवर भिंतीकडं तोंड करून मीच बसलो. मांडीवर खलबत्ता.

"सर, मागचं बाकडं मोकळं हाय."

"येडा हायस का?"

"हाव सर. म्हणूनच तर बसलोय."

मंग बाकडं करकरलं.

"बालाजी, आलं कुट."

कँटीनमधी तिसरं माणूस नव्हतं. मी कुटायला लागलो.

"कुलूप काढलं की मी तिला हाक मारतो. रोज. आलो म्हणून सांगतो. मंग घरात जाववत न्हाई."

मला सरांचाच जबाब पाठ. "नॉर्मल हाय, सर."

बाकडं पुन्हा करकरलं, सर उठतेत की काय वाटलं.

म्हणून त्या पोरीला दिलेला जबाब बी म्हणून टाकला. "आधी भाकर खावा, मंग रडा. आन् उद्या पुन्हा येऊन बसा."

बायकोनं त्यांच्यापुरता डबा दिलेला. मागं न बघता तो सरकवला. झाकण निघाल्याचा आवाज आला. मंग भाकर मोडल्याचा. मंग आणखी एक आवाज यायला लागला, तवा मी आलं जोरात कुटलं.