आठ शिंपले आणि एक ग्लास पाणी

माझ्या पाळीत गावाचं पाणी कधीच बंद पडलेलं नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. खोटं वाटत असेल तर गावात कुणालाही विचारा. अर्थात, विचारायचं होतं तर गेल्या जूनच्या आधी विचारायला हवं होतं.

मी बोगुस्लाव पिएत्रुखा, यागलीनच्या जलशुद्धीकरण केंद्रात देखभालीचा तंत्रज्ञ. पंप कुरकुरला, वॉल्व्ह अडकला, गाळणीत गाळ साचला की मला हाक येते. आमच्याकडे साहेब दोन आहेत आणि त्या दोघांच्याही वर आठ शिंपले आहेत. थट्टा नाही. तळ्यातून आलेलं पाणी आधी या आठ जणांच्या टाकीतून जातं. प्रत्येकाच्या पाठीवर एक बारीक तार चिकटवलेली असते. पाणी चांगलं असलं की शिंपले आ वासून बसतात, काही वावगं आलं की मिटतात. त्यातले पाच जण एकदम मिटले आणि पाच मिनिटं मिटूनच राहिले, तर संगणक साहेबांनाही न विचारता गावाचं पाणी तोडतो. मग पाच जण पुन्हा उघडेपर्यंत आणि प्रयोगशाळेच्या ग्राझिनाबाई पाणी तपासून मान डोलवेपर्यंत नळाला थेंब येत नाही. सगळे मुकाट्याने ऐकतात असे आमच्या खात्यात हे आठच.

तर माझ्या मुलीचं, कालिनाचं लग्न ठरलं. मुलगा मिरोन. सोन्यासारखा पोरगा, नाव ठेवायला जागा नाही. एक सोडून. त्याचा बाप सेवेरिन शेजारच्या गावात बाटलीबंद पाण्याचा व्यापार करतो.

बोलणी करायला आला तेव्हा हा माणूस माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून म्हणाला, "पाण्याची काळजी सोडा, बोगुस्लावराव. एक गाडी भरून बाटल्या पाठवतो. माझ्याकडून भेट."

मी काटा खाली ठेवला. माझी बायको दानुता टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारायच्या तयारीत होती, पण मी तिच्या आधी बोललो.

"माझ्या मुलीच्या लग्नात बाटलीतलं पाणी? लोक काय म्हणतील? सुताराने उसना पाट आणला म्हणतील. ते काही नाही. टेबलावर काचेचे जग असतील आणि त्यांत माझं पाणी असेल."

"तुमचं?"

"गावाचं. म्हणजे माझंच."

"आणि ऐन वेळी बंद पडलं तर?"

मी इतका मोठ्याने हसलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. लाथ त्यानंतर बसली.

लग्नानंतर नवराबायको सभागृहाच्या दारात येतात तेव्हा आईबाप पाव आणि मीठ घेऊन उभे असतात. तबकात दोन छोटे ग्लास, एकात व्होडका, एकात पाणी, दिसायला अगदी सारखे. ज्याच्या हाती व्होडका लागेल त्याचं घरात चालणार, असं मानतात. (आमच्या वेळी व्होडका दानुताला लागली होती. अजून तीच चढलेली आहे.) त्या पाण्याच्या ग्लासावर माझा डोळा होता. तो ग्लास मी स्वतः, त्याच क्षणी, नळाखाली धरून भरणार होतो. कालिनाला तसं सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, तुम्ही भराल तेव्हाच मी आत पाऊल टाकीन."

आता आणखी एक पद्धत. वरात चर्चमधून निघाली की वाटेत शेजारी, मित्र, ऑफिसातले लोक रस्ता अडवतात. दोरी बांधतात, फाटक उभं करतात, गोंधळ घालतात आणि नवऱ्याकडून व्होडकाची बाटली घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्या केंद्राचं फाटक त्याच रस्त्यावर, आणि लग्नाचं सभागृह म्हणजे अग्निशमन दलाचा हॉल, आमच्या भिंतीला भिंत लावून. म्हटलं, असं फाटक उभं करू की गावाने वीस वर्षं नाव काढावं. नवरीच्या बापाने यात पडायचं नसतं. म्हणून मी गुपचूप पडलो.

मेकॅनिक लेशेकला आदल्या दिवशी बोलावलं. जुन्या पाइपांची कमान ठरली, वर झेंडे ठरले.

"आणि वाजवायला काय?" लेशेकने विचारलं.

"हा घे." मी फाटकापाशी जमिनीतून वर आलेला जुना लोखंडी पाइप दाखवला. कित्येक वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. मी पान्याने एक टोला दिला. काय घुमला! चर्चची घंटा त्यापुढे झक मारेल.

"एवढा घुमतो कसा?" लेशेक म्हणाला.

"जुनं लोखंड आहे. उद्या मोठा हातोडा आण."

त्याने आणला. शनिवारी दोन वाजता वरात फाटकाशी आली आणि लेशेक, गळ्यात बो टाय बांधून, त्या पाइपवर तुटून पडला. सोबत केंद्रातले आणखी चार जण ताल धरून. लोक कानात बोटं घालून हसत होते. मिरोनने पहिली बाटली दिली. मी गर्दीत मागून ओरडलो, "एवढ्यावर सोडू नका." म्हणून आणखी दहा मिनिटं वाजवलं. कालिना हसून हसून डोळे पुसत होती. माझी छाती कोटात मावेना.

तिथून हॉलच्या अंगणात आलो. एकशेचाळीस पाहुणे उभे. आत कोंबडीचं सूप वाढायला तयार. दारात दानुता पाव आणि मीठ घेऊन, शेजारी सेवेरिन तबक घेऊन. तबकात व्होडकाचा ग्लास भरलेला, दुसरा माझी वाट पाहतोय. मी तो उचलला, रुबाबात स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडला.

नळ खोकला. एक सुस्कारा टाकला आणि गप्प झाला.

आचारीण म्हणाली, "पाच मिनिटं झाली गेल्याला. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ग्राझिनाबाई.

"बोगुश, आठच्या आठ मिटलेत. पाणी तोडलंय."

आठच्या आठ म्हणजे तळ्यात काहीतरी भयंकर गेलं असणार. बाहेर आलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. पाण्यात विष आहे, असं एक काकू सांगत होत्या. दुसऱ्या काकूंना त्या विषाचं नावही माहीत होतं. अर्धं गाव बाटल्या आणायला दुकानाकडे पळालं होतं. आणि सेवेरिन माझ्या शेजारी येऊन, कोटाच्या आतल्या खिशाकडे बोट दाखवत हळूच म्हणाला, "एक छोटी बाटली आहे माझ्याकडे. फक्त त्या ग्लासापुरती."

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला बरंच झालं म्हणायचं. गाडी पण कुठेतरी कोपऱ्यावर उभीच असेल."

"चर्चच्या मागे आहे," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"बघा. म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. तळ्यात काय टाकलंत?"

"बोगुस्लावराव, मी सकाळपासून तुमच्या मेहुण्याशेजारी बसलोय. मला श्वास टाकायला फुरसत मिळालेली नाही."

दानुताने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी थेट केंद्रात पोचलो.

ग्राझिनाबाई पाण्याचे नमुने तपासून बसल्या होत्या. "पाणी स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "लहान बाळाला पाजावं इतकं. मग हे मिटले का? संगणक म्हणतो, दोन वाजून सात मिनिटांनी सगळे एकदम मिटले. काय झालं होतं रे दोन वाजून सात मिनिटांनी?"

मी काही बोलायच्या आत दारात लेशेक उभा राहिला. गळ्यात बो, हातात हातोडा, चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा. "कसं वाजलं?"

ग्राझिनाबाईंनी हातोड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कशावर वाजवलंत?"

"फाटकाजवळच्या जुन्या पाइपवर," लेशेक म्हणाला. "बोगुशनेच निवडून दिला."

"तो हवेचा पाइप आहे," ग्राझिनाबाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या. "तळ्याकडून येणाऱ्या मुख्य नळाला जोडलेला. तो नळ थेट या टाकीत येतो. तू शिंपल्यांच्या घरात घंटा बडवलीस, बोगुश. बावीस वर्षं इथे नोकरी करून."

म्हणून तो घुमत होता. मला त्या टाकीत शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं.

"आता?"

"आता शांतता. शेजारी बँड वाजतोय, बायका टाचा आपटताहेत. भिंत एकच आहे. हे जोवर चालू आहे तोवर एकही उघडायचा नाही."

लग्नाच्या वऱ्हाडाला गप्प बसायला सांगणारा नवरीचा बाप मी पहिलाच असेन. पण लोक चांगले. बायकांनी उंच टाचांचे बूट काढले आणि गवतावर नुसत्या मोज्यांवर उभ्या राहिल्या. अकॉर्डियनवाल्याने अकॉर्डियन मिटून पोटाशी धरलं, जरा सैल सोडलं असतं तर तेच बोललं असतं. कंटाळून कुणीतरी कुजबुजलं, "कडू, कडू." लग्नात हे ओरडलं की नवराबायकोने मुका घेऊन व्होडका गोड करायची असते. एकशेचाळीस माणसं कुजबुजत "कडू, कडू" म्हणायला लागली, जणू स्मशानात कुणाचं गुपित सांगताहेत. मिरोन आणि कालिनाने आवाज न करता मुका घेतला. कुणीतरी शिंकलं. आत तीन नंबरचा उघडायला आलेला शिंपला पुन्हा मिटला.

मी नव्या सुटात टाकीसमोर उलट्या बादलीवर बसलो. अर्ध्या तासात एक उघडला. मग सात नंबर. मग तीन नंबर रुसवा सोडून. मग आठ. चार झाले. पाच नंबरवाला किंचित फट करून पुन्हा मिटायचा. मी त्याला हात जोडले. सूप निवत होतं, दानुताच्या माहेरची माणसं निवत नव्हती.

दार हळूच उघडलं. कालिना होती, पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून, पायात बूट नाहीत. ती दुसरी बादली पालथी घालून माझ्या शेजारी बसली.

"झगा मळेल."

"मळू दे." ती कुजबुजली. "सासरे बाटली घेऊन उभे आहेत, बाबा."

"घे. लोक उपाशी आहेत. माझ्या हट्टापायी तुझं लग्न गवतावर उभं आहे."

"नाही घेणार."

"का गं?"

ती टाकीकडे बघत राहिली. "शाळेत सगळी मुलं सांगायची, माझे बाबा ड्रायव्हर, माझे बाबा डॉक्टर. मी सांगायचे, तुमच्या घरी नळातून जे येतं ना, ते माझे बाबा पाठवतात. मुलं हसायची. मी रोज सांगायचे."

मला हे माहीत नव्हतं. बावीस वर्षं मला वाटत होतं की माझं काम घरात कुणाच्या लक्षातही नाही. मी रुमाल शोधायला लागलो, तो दानुताकडे होता. बाहीने डोळे पुसले. आणि पुसून वर बघतो तर पाच नंबरवाला आ वासून बसला होता.

ग्राझिनाबाईंनी पाणी पुन्हा तपासलं, मान डोलवली. वॉल्व्ह उघडला. कालिना पुढे धावली. मी प्रयोगशाळेच्या नळाखाली ग्लास धरला, काठोकाठ भरला, आणि दोन्ही हातांनी धरून निघालो. अंगणात सगळे चिडीचूप, सगळ्यांचे डोळे त्या ग्लासावर. एक थेंब सांडला नाही. हॉलच्या दारापर्यंत आलो.

दारात लेशेक उभा होता. बिचाऱ्याला फार अपराधी वाटत होतं. आनंदाच्या भरात त्याने मला कडकडून मिठी मारली.

मिठी सुटली तेव्हा माझा शर्ट ओला होता आणि ग्लासाच्या तळाशी नुसता ओलावा होता. मागे एकशेचाळीस माणसं, पुढे लेशेकच्या रुंद पाठीआड दानुता, पोरगी आणि जावई.

सेवेरिन पुढे आला. त्याने लोकांकडे पाठ केली, डाव्या हाताने तबक पुढे धरलं आणि उजव्या हाताने कोटातली बाटली काढून ग्लास भरला. दोन सेकंदांचं काम. बाटली पुन्हा खिशात. चेहरा प्रार्थनेला उभा असल्यासारखा.

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी भाषण केलं. आपलं तळं, आपले हात, आपलं पाणी, पैशाने विकत न मिळणारं, असं बरंच काही बोललो. भाषण चांगलं झालं म्हणतात.

कालिनाने ग्लास उचलला, तिला व्होडका लागली. दानुता समाधानाने हसली. मिरोनने दुसरा ग्लास एका घोटात संपवला, क्षणभर थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खरंच बाबा, तुमच्या पाण्याची चवच वेगळी."

अंगण टाळ्यांनी दणाणलं. बँड सुटला, बायकांनी बूट चढवले, आणि सगळ्यात जोरात टाळ्या सेवेरिन वाजवत होता. सहा मिनिटांनी ग्राझिनाबाईंचा फोन आला. आठच्या आठ पुन्हा मिटले होते. पहाटेपर्यंत सगळं लग्न सेवेरिनच्या बाटल्यांवर पार पडलं.

सोमवारी नोंदवहीत पाणी बंद पडल्याचं कारण लिहायचं होतं. मी "मुलीचं लग्न" असं लिहिलं. साहेबांनी त्यावर सही केली, त्यांनाही मुली आहेत.

ग्लासाची गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. दानुताला नाही, कालिनाला तर मुळीच नाही. सेवेरिननेही आजवर तोंड उघडलेलं नाही, माणूस दिलदार आहे. फक्त दर रविवारी जेवायला आला की आधी नळाचं पाणी मागतो, ग्लास खिडकीच्या उजेडात धरतो, एक घोट घेतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "चांगलं आहे, व्याहीबुवा. पण लग्नातलं जरा जास्त गोड होतं."