अण्णा आणि मागची माणसं

आमच्या शेजारच्या अण्णा शिवलकरांना कुठल्याही पिक्चरचा नायक कोण होता ते सांगता येत नाही. नायिका तर नाहीच. पण त्या नायिकेच्या लग्नात तिसऱ्या पंक्तीला बसलेल्या, फेटा सैल झालेल्या माणसाने जिलबी कशी खाल्ली, ते अण्णा तुम्हाला पाच मिनिटं सांगतील आणि तरी त्यांचं समाधान होणार नाही.

मी आणि माझे यजमान पिक्चर बघून परतलो की अण्णा ओटीवर वाटच बघत असतात. चपला काढायच्या आत प्रश्न येतो.

"कसा होता?"

"बरा होता अण्णा. शेवट जरा लांबवलाय."

"शेवट राहू दे गो. मागची माणसं बघितलीस का?"

मी बघितलेली नसतात. मग अण्णांचा चेहरा असा होतो, जणू मी देवळात जाऊन नुसती घंटा बघून आले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन तो पिक्चर बघतात, पुढच्या रांगेत मान वर करून, आणि संध्याकाळी मला त्यातली माणसं समजावून सांगतात.

त्यांना कुठलाही पिक्चर वर्ज्य नाही. एकदा माझ्या आग्रहावरून भुताचा पिक्चर बघून आले. आम्ही दोघं आठवडाभर परसात एकटे जात नव्हतो. अण्णा म्हणाले, "भूत ठीक. पण गावातली एक बाई भुताला घाबरून दार लावते ना, ती आधी कोंबड्या आत घेते. मग दार लावते. हे कोणी सांगून होत नाही. त्या बाईने मनाने केलंन."

मारामारीच्या पिक्चरमध्ये त्यांचं सगळं लक्ष मार खाणाऱ्यांकडे. "मारणं काय, कोणीपण मारील. सातवा पडला तो बघ. मडक्यांच्या उतरंडीवर पडला, एक मडकं शिल्लक ठेवलं नाहीन, आणि वर कण्हलासुद्धा." लढाईच्या एका पिक्चरमध्ये मेलेल्या सैनिकाने नाक खाजवल्याचं फक्त अण्णांनी पाहिलं. आम्ही हसलो तर त्यांना राग आला. "माशी बसली असेल. पण नंतर परत नीट मेला की नाही? ते कोण बघणार?" प्रेमाच्या पिक्चरमधलं गाणं लागलं, की सगळे नायक-नायिकेकडे बघतात आणि अण्णा म्हणतात, "मागच्या रांगेतली डावीकडची मुलगी तापातून उठून आली आहे. पाऊल बघ कसं टाकतेय."

नवीन पिक्चरबद्दल त्यांचं मत मात्र वाईट झालं आहे. मध्यंतरी एक भव्य पिक्चर आला. लाखभर सैन्य, हत्ती, घोडे. सगळं गाव भारावून गेलं. अण्णा मध्यंतरातच घरी आले.

"काय झालं अण्णा?"

"ती गर्दी कॉम्प्युटरवर केलेली आहे. एकालाही घाम नाही." पाण्याचा तांब्या रिकामा करून ते पुढे म्हणाले, "आमच्या वेळी गर्दीत माणसं असायची."

आमच्या वेळी म्हणजे पत्र्याच्या थिएटरच्या वेळी. बायकांची बाजू वेगळी, पंखे दोन आणि त्यातला एक नुसता टांगलेला. मध्यंतरात गोळीच्या सोड्याच्या बाटल्या फोडल्याचे आवाज, बटाटेवड्याचा वास, आणि पडद्यावर रीळ तुटलं की शिट्ट्या. मीही तिथे आईच्या मांडीवर बसून पौराणिक पिक्चर पाहिले आहेत. देव प्रकट झाला की आई हात जोडायची. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "देव मला आठवत नाही. पण देवावर फुलं टाकायला जो वर चढवलेला असायचा, त्याचा हात दिसायचा."

अण्णा एसटीत कंडक्टर होते. सारी नोकरी रत्नागिरी-देवरूख आणि आसपासच्या गाड्यांवर गेली. त्यामुळे मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला होता, की ज्याने जन्मभर गर्दीच मोजली, तो पिक्चरमध्येही गर्दीच बघणार. चार लोकांना हे सांगून मी त्यांना हसवलंही होतं. आता त्याचं वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. दुपारी अण्णा आमच्याकडे फराळाला आले होते. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी, तेव्हा सणाला ते आमच्याकडेच असतात. टीव्हीवर जुना विनोदी पिक्चर लागला होता. घर हसत होतं, अण्णा चकली खात गंभीरपणे मागची माणसं बघत होते. हॉटेलातला प्रसंग आला. दोन मित्रांचं भांडण चाललंय, एक वेटर येतो, कप ठेवतो, भांडण बघून क्षणभर थांबतो आणि साखरेचं भांडं हळूच स्वतःकडे ओढून घेऊन निघून जातो.

"थांबव," अण्णा म्हणाले.

आमच्या टीव्हीवर मागे जाता येतं, हे अण्णांना माझ्या यजमानांनी शिकवल्यापासून दोन तासांचा पिक्चर आमच्याकडे पाच तास चालतो. मी मागे नेलं. पुन्हा वेटर आला. पुन्हा नेलं. चौथ्या वेळी अण्णा उठून टीव्हीजवळ गेले आणि चष्मा कपाळावर चढवून उभे राहिले.

"हा आमचा दत्ता," ते म्हणाले.

बारा वर्षांच्या शेजारात अण्णांना भाऊ होता हे मला माहीत नव्हतं. चित्र तसंच थांबवून ठेवलं आणि अण्णा खाली सतरंजीवर बसले.

दत्ता त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. मुंबईला गिरणीत लागला आणि सुट्टीच्या दिवशी पिक्चरच्या गर्दीत उभा राहायला जाऊ लागला. पहिल्यांदा काम केलं तेव्हा घरी पत्र टाकलं, की जत्रेच्या प्रसंगात मी आहे, बघा. अख्खं घर गावाहून गाडी करून रत्नागिरीला आलं. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती. जत्रा आली आणि गेली. दत्ता दिसला तो पाठमोरा, आणि त्यातही अर्धा.

"गणपतीला घरी आला," अण्णा म्हणाले. "आरतीला वाडीतली सगळी माणसं जमलेली. सगळ्यांसमोर मला विचारलंन, अण्णा, कसा वाटलो? मी म्हटलं, पाठ छान होती. एवढ्यासाठी मुंबई गाठलीस होय."

"मग?"

"सगळे हसले. तोही हसला. पण त्यानंतर पत्रं आली त्यात पिक्चरचं नाव कधी लिहिलंन नाही."

गिरणी बंद पडल्यावर दत्ता पोटापाण्यासाठी तेच काम करू लागला. लग्न झालं, चाळीत संसार झाला. गणपतीला यायचा, सगळं बोलायचा, पिक्चरचं सोडून. मग एक दिवस तो गेल्याची तार आली. अण्णा मुंबईला पोचले तेव्हा दारात अनोळखी माणसांची ही गर्दी. त्यांतला एक जण अण्णांना म्हणाला, तुमच्या भावाने इतकं काम केलं, तुम्हाला अभिमान असेल.

"मी मान हलवली. कुठल्या पिक्चरमध्ये, हे कसं विचारू? सख्खा भाऊ मी. म्हणून मग सगळेच पिक्चर बघतो."

"पण अण्णा, त्यांच्या बायकोला विचारायचं."

"सुलभाला? विचारलं की तिलाच कळेल, मला काही माहीत नाही ते."

सुलभाकाकू आता माहेरी, चिपळूणला भावाकडे राहतात, हेही तेव्हाच समजलं. अण्णा पडद्यावरच्या वेटरकडे बघत म्हणाले, "फोन लाव." त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"सुलभा, मी अण्णा. रत्नागिरीहून."

"बोला भावजी. बरे आहात ना?"

"बरा आहे. आत्ता दत्ताचं काम बघितलं. टीव्हीवर. हॉटेलात चहा देतो, साखर उचलून नेतो. चांगलं केलंन. तुला सांगावं म्हटलं."

 त्यांनी पिक्चरचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"ते हे नव्हेत, भावजी," सुलभाकाकू हळू म्हणाल्या. "त्या कामाला यांनाच बोलावलं होतं. पण यांना ताप आला, म्हणून आमच्या शेजारच्या खोलीतले यांच्या जागी गेले. दिसायचे थोडे यांच्यासारखे."

 अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा एकदा त्या माणसाला नीट पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "ज्याने केलंन त्याने चांगलं केलंन. त्याला कळव."

"ते पण गेले, भावजी."

"मग घरी कोणी असेल त्याचं. त्यांना कळव."

"कळवते." मग त्या म्हणाल्या, "यांचे पिक्चर मला सगळे माहीत आहेत. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मीही बोलले नाही."

"मला लाज वाटत होती, सुलभा."

"यांना वाटायचं तुम्हाला आवडत नाही." आणि लगेच म्हणाल्या, "चिपळूणला या. मी दाखवते."

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अण्णा गेले. इस्त्रीचा सदरा, हातात ओल्या नारळांची पिशवी. दोन दिवसांसाठी गेलेले अण्णा आठव्या दिवशी परतले. मी त्यांच्याआधी त्यांच्या ओटीवर जाऊन बसले होते.

"किती पिक्चर झाले?" मी विचारलं.

"एकच. बाकीचे दिवस आम्ही बोलतच बसलो. सुलभाला त्याच्या लहानपणचं काहीच माहीत नव्हतं, आणि मला मोठेपणचं."

"आणि दत्ताकाका? दिसले?"

अण्णांनी पिशवी खाली ठेवली, खांबाला टेकून बसले, आणि चपलेचा पट्टा सोडवता सोडवता मध्येच थांबले.

"दिसला ना," ते म्हणाले. "अजून तरुण आहे."